मदत हवी आहे: प्रीसीझनमध्ये चमकणारा रूकी रनिंग बॅक खरा की फुसका, ओळखायचं कसं?

निशिगंध (२४ ऑगस्ट २०२५)

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे चार-पाच जण तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारायचं धाडस करतेय. आमची बारा जणांची फँटसी लीग आहे (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडायचा आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे), डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात. निम्मे मराठी, निम्मे ऑफिसातले, आणि कमिशनर माझा दीर. पीपीआर आहे, म्हणजे झेललेल्या प्रत्येक पासला एक गुण, दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना घरी बोलावून मिसळ खिलवायची, असा दंड. मी दोनदा भरलाय. तर्री आता छान जमते, पण पुरे झालं.

दोन्ही वेळा मला रूकी रनिंग बॅकने, म्हणजे पहिल्याच वर्षी खेळणाऱ्या, बॉल घेऊन धावणाऱ्या खेळाडूने बुडवलं.

२०१८ मध्ये डेन्व्हरचा रॉइस फ्रीमन. प्रीसीझनच्या, म्हणजे हंगामाआधीच्या सरावाच्या, तीन सामन्यांत तीन टचडाउन. मी हुरळून आमच्या ड्राफ्टच्या (आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या) चौथ्या फेरीत घेतला. हंगामभरात त्याचे ५२१ यार्ड झाले. आणि त्याच संघातला फिलिप लिंडसे, ज्याला एनएफएलच्या (खऱ्या व्यावसायिक लीगच्या) ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं, तो १,०३७ यार्ड धावून 'प्रो बोल' या मानाच्या सामन्यासाठी निवडला गेला. लिंडसे कुणाकडे होता? दिराकडे. वेव्हरवरून, म्हणजे कुणीच न घेतलेल्यांतून, फुकटात उचललेला.

२०२३ मध्ये जॅक्सनव्हिलचा टँक बिग्स्बी. ऑगस्टमध्ये असा काही धावत होता की मला वाटलं तिथला मुख्य रनिंग बॅक एटिएनचं दुकान बंद होणार. पहिल्याच सामन्यात त्यांचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) ट्रेव्हर लॉरेन्सच्या हातून बॉल सुटला, बिग्स्बीने तो उचलला आणि खेळ थांबला असं समजून तसाच उभा राहिला. कोल्ट्सचा बकनर आला, बॉल काढून घेतला आणि जाऊन टचडाउन करून आला. मी सोफ्यावर, हातात चहा. पूर्ण हंगामात ५० वेळा धावून १३२ यार्ड. (नवऱ्याने त्या वर्षी काउबॉइजचा ड्यूस वॉन घेतला होता, पाच फूट पाच इंचांचा. २३ वेळा धावून ४० यार्ड. त्याबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत.)

यंदा ड्राफ्ट पुढच्या शनिवारी, ३० तारखेला. डोळा दोघांवर आहे. पेट्रियट्सचा ट्रेव्हियॉन हेंडरसन, ज्याने पहिल्या प्रीसीझन सामन्यातला पहिलाच किकऑफ (समोरच्या संघाने मारलेली सुरुवातीची किक) थेट परत आणून टचडाउन केला. आणि वॉशिंग्टनचा जेकोरी क्रॉस्की-मेरिट, ज्याला सगळे 'बिल' म्हणतात. एनएफएल ड्राफ्टच्या सातव्या फेरीतला, पण परवाच त्यांनी जुना रनिंग बॅक ब्रायन रॉबिन्सनला फोर्टीनाइनर्सकडे देऊन टाकलं.

सामने रेकॉर्ड करून ठेवलेत. मुलं झोपल्यावर रोज तासभर मिळतो. त्या तासात नेमकं काय बघू? यार्ड बघून दोनदा पोळले आहे.

वाटसरू

ताई, उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. यार्ड बघूच नका. खरंच सांगतो, आकड्यांचा तो रकाना हाताने झाकून ठेवा.

प्रीसीझनला प्रत्येक संघात ९० जण असतात, नियमित हंगामाआधी ५३ राहतात. म्हणजे ३२ संघांतून साधारण १,२०० माणसं येत्या मंगळवारपर्यंत घरी जाणार. तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरला मैदानात कोण असतं? बहुतेक हीच मंडळी. त्यांच्याविरुद्ध काढलेले ६० यार्ड म्हणजे दौऱ्याच्या सुरुवातीच्या सराव सामन्यात स्थानिक गोलंदाजांना ठोकलेलं शतक.

मी दोनच गोष्टी बघतो: तो कधी आला आणि कुणाबरोबर आला. पहिल्या फळीचा क्वार्टरबॅक आणि पहिल्या फळीची ऑफेन्सिव्ह लाइन (पुढे उभं राहून वाट मोकळी करणारे) मैदानात असताना तो होता का? असेल तर चार वेळा धावून सात यार्ड काढले तरी चालतील.

आणि आणखी एक, जी सगळ्यात उशिरा माझ्या डोक्यात शिरली. तो कधी खेळला नाही हेही बघा. २०२२ चा ह्यूस्टनचा डेमियन पिअर्स आठवतो? चौथ्या फेरीतला रूकी. पहिल्या प्रीसीझन सामन्यात ५ वेळा धावून ४९ यार्ड. दुसऱ्या सामन्याला प्रशिक्षकांनी त्याला बसवूनच ठेवलं. माझ्या लीगमधले म्हणाले, दुखापत असेल, नको. अहो, बसवतात कुणाला? ज्याला जपायचं असतं त्याला! तिसऱ्या सामन्यात सुरुवातीपासून आला, टचडाउन केला, मग अनुभवी रनिंग बॅक मार्लन मॅकला सोडून दिलं. हंगामात १३ सामन्यांत ९३९ यार्ड.

तिरपा_टोला

वाटसरूंची गोष्ट अर्धीच आहे. पिअर्सने पहिल्या आठवड्यात काय केलं तेही सांगा की. ११ वेळा धावून ३३ यार्ड, आणि रेक्स बर्कहेडला त्याच्यापेक्षा जास्त काम. त्या रविवारी किती जणांनी वैतागून त्याला सोडला असेल! रूकी घ्यायचा तर महिनाभर कळ काढायची तयारी हवी. ती नसेल तर सरळ तिशीतला अनुभवी गडी घ्या आणि शांत झोपा.

माझं मत जरा वेगळं आहे. प्रीसीझन बघूच नका, संघ खिशातून काय काढतोय ते बघा. २०१९ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सचा रूकी डार्विन थॉम्प्सन ऑगस्टभर गाजत होता. महिनाअखेरीस बफेलो बिल्स संघाने रनिंग बॅक लेशॉन मॅकॉयला सोडलं आणि चीफ्सनी त्याला लगेच उचललं. झालं, थॉम्प्सनचा हंगाम १२८ यार्डांत आटोपला. स्वतःच्या पोरावर भरवसा असता तर ३१ वर्षांचा माणूस आणला असता का?

उलट बाजूने २०२० घ्या. करोनामुळे प्रीसीझन झालाच नाही. बघायला काही नव्हतंच. जॅक्सनव्हिलने ३१ ऑगस्टला मुख्य रनिंग बॅक फोर्नेटला नारळ दिला, आणि ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं तो जेम्स रॉबिन्सन १,०७० यार्ड धावला. सगळी माहिती त्या एका बातमीत होती.

त्या हिशेबाने तुमचा बिल चांगला दिसतो. ब्रायन रॉबिन्सनला दिला म्हणजे जागा रिकामी केली.

काकाकुवा

शीर्षक वाचून वाटलं क्रिकेटमधल्या बॅकफूटबद्दल आहे. अर्धा धागा वाचला, एक अक्षर कळलं नाही, पण मिसळीचा पत्ता मिळेल का?

चौथा_डाव

@निशिगंध, माझा मुलगा इथे हायस्कूलला रनिंग बॅक खेळतो, म्हणून एक गोष्ट सांगतो जी टीव्हीवर दिसते पण कुणी बघत नाही.

थर्ड डाउन (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींतली तिसरी) आला, सात-आठ यार्ड हवेत, म्हणजे पास होणार हे सगळ्यांना माहीत. आता बॉलकडे बघू नका. क्वार्टरबॅकच्या शेजारी कोण उभा आहे ते बघा. रूकी तिथेच आहे की धावत बाहेर गेला आणि त्याच्या जागी जुना खेळाडू आला? बाहेर गेला असेल तर प्रशिक्षकाचा त्याच्यावर अजून विश्वास नाही. कारण त्या क्षणी त्याचं काम धावण्याचं नसतं. समोरून येणाऱ्या लाइनबॅकरला छातीने अडवायचं असतं. माझा पोरगा पहिल्या वर्षी काय करायचा, तर खाली मान घालून खांद्याने ढकलायला जायचा. समोरचा एक पाऊल बाजूला व्हायचा आणि क्वार्टरबॅक आडवा! मग त्याच्या प्रशिक्षकाने पूर्ण दोन आठवडे बॉल हातात दिला नाही. नुसतं आतून बाहेर नजर फिरवायची, आधी मधल्याला बघायचं, मग कडेच्याला, आणि पाय रोवून उभं राहायचं. एनएफएलमध्ये त्या क्वार्टरबॅकचा पगार पाच-पाच कोटी डॉलर असतो. तुम्ही ठेवाल का त्याच्या शेजारी एखादा कच्चा पोरगा?

आणि पीपीआरमध्ये तर हे दुप्पट महत्त्वाचं. थर्ड डाउनला जो मैदानात असतो त्यालाच छोटे पास मिळतात. तुमचे गुण तिथे आहेत.

बोरिवली_ते_बॉस्टन

हेंडरसनबद्दल मी बोलतो, गेली अकरा वर्षं पेट्रियट्सचं बरंवाईट सोसतोय.

आधी तो किकऑफ विसरा. तुमच्या लीगमध्ये किक परत आणल्याचे यार्ड मोजतात का? बहुतेक लीगमध्ये मोजत नाहीत. म्हणजे ज्या खेळीमुळे त्याचा भाव चढला, तिचा फँटसीत उपयोग जवळजवळ शून्य. योगायोग बघा, तो सामना तुमच्या बिलच्या वॉशिंग्टनविरुद्धच होता.

पण चौथा_डाव म्हणतात त्या परीक्षेत तो पास आहे. ओहायो स्टेटमध्ये असल्यापासून त्याच्या पास प्रोटेक्शनची तारीफ होते. दुसऱ्या फेरीत घेतलाय, एकूण ३८ वा. प्रतिभेची शंकाच नको.

अडचण अशी की जुना रनिंग बॅक रामोंद्रे स्टीव्हन्सन अजून इथेच आहे. गेल्या वर्षी त्याने बॉल इतक्यांदा सोडला की आमच्या सोसायटीतले लोक त्याला 'लोणी' म्हणायला लागले. तरी प्रशिक्षक त्याला एकदम बाजूला करणार नाहीत. शिवाय आक्रमणाचे प्रशिक्षक मॅकडॅनियल्स परत आलेत, आणि त्यांना दोघा-तिघांत काम वाटायची जुनी सवय. सुरुवातीला हेंडरसन झेलेल जास्त, धावेल कमी. चौथ्या फेरीत महाग वाटतो. सहावीत मिळाला तर डोळे मिटून घ्या.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्री चौथा_डाव यांनी सांगितल्याप्रमाणे बॉल सोडून बाकीचं बघितलं. पहिली वीस मिनिटं फार विचित्र वाटलं, भरतनाट्यमला जाऊन मृदंगवाल्याकडे बघत बसल्यासारखं. पण नंतर दिसायला लागलं. कोण कधी बाहेर जातो, कोण कुणाच्या जागी येतो, ते वहीत लिहायला लागले. नवरा म्हणाला, दहावीच्या परीक्षेला एवढा अभ्यास केला होतास का?

एक शंका. वाटसरू म्हणतात फळी बघा, तिरपा_टोला म्हणतात संघाचे व्यवहार बघा. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध गेलं तर? म्हणजे संघाने मोठ्या फेरीत घेतलाय, पण प्रीसीझनला तिसऱ्या फळीबरोबर खेळतोय?

तिरपा_टोला

तर फळीचं ऐका, हे मी माझ्या मताविरुद्ध सांगतोय. २०२१, फोर्टीनाइनर्स. ट्रे सर्मन तिसऱ्या फेरीतला, त्याच्यासाठी आम्ही सगळे भांडत होतो. इलायजा मिचेल सहाव्या फेरीतला, त्याला कुणी विचारत नव्हतं. पहिल्या आठवड्यात सर्मन तंदुरुस्त असून साधे कपडे घालून बाकाच्या मागे उभा! मुख्य रनिंग बॅक मॉस्टर्ट जखमी झाला आणि मिचेल १०४ यार्ड धावला. वर्षअखेर ९६३. ड्राफ्टची फेरी एप्रिलमधलं मत सांगते. ऑगस्टमध्ये ते बदललेलं असू शकतं.

वाटसरू

+१. आणि टोल्यांनी माघार घेतलेली या संस्थळावर पहिल्यांदाच पाहतोय, तारीख लिहून ठेवा.

एक पुस्ती. रूकी किकऑफला *अडवायला* धावत असेल, म्हणजे समोरच्या संघाने आणलेला बॉल थांबवायला, तर समजा की यादीत तो खाली आहे. ज्याच्यावर मदार असते त्याला त्या धडकाधडकीत घालत नाहीत.

आणि दुखापतीमुळे प्रीसीझन हुकलेल्यांना विसरू नका. २०२३ मध्ये मायामीच्या अचेनचा खांदा प्रीसीझनला दुखावला, पहिला आठवडा खेळलाच नाही, भाव पडला. तिसऱ्या आठवड्यात डेन्व्हरविरुद्ध २०३ यार्ड, चार टचडाउन. संघाने ७० गुण केले त्या दिवशी.

निशिगंध (३१ ऑगस्ट)

ड्राफ्ट झाला. हेंडरसन चौथ्या फेरीत माझ्यासमोर होता. हात शिवशिवला, पण बॉस्टनकरांचं ऐकून सोडला. तो पाचव्यात जावेने घेतला. बिल मला नवव्यात मिळाला. दिराने पहिल्याच फेरीत रेडर्सचा ॲश्टन जेंटी घेतला, आणि मी आगाऊपणे म्हणाले की प्रीसीझनच्या पहिल्या सामन्यात तीन वेळा धावून त्याचे उणे एक यार्ड होते. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही अजून यार्डच बघता?" सगळे हसले. गप्प बसले.

बोरिवली_ते_बॉस्टन

दिरांचा मुद्दा बरोबर आहे हो. एनएफएल ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलेल्याला काम मिळणारच.

निशिगंध (८ सप्टेंबर)

पहिला आठवडा:

बिल जायंट्सविरुद्ध १० वेळा धावून ८२ यार्ड, एक टचडाउन. चौदाच्या वर गुण. मी ओरडले तेव्हा धाकटी झोपेतून उठली.

जेंटी १९ वेळा धावून फक्त ३८ यार्ड, पण टचडाउन केला. प्रीसीझनसारखंच, यार्ड नाहीत पण बॉल सतत त्याच्याकडे. आता मला कळतंय तुम्ही काय म्हणत होतात.

हेंडरसन पाचच वेळा धावला, २७ यार्ड. पण सहा पास झेलले. जावेला अकरा गुण. अगदी बॉस्टनकर म्हणाले तसं, झेलेल जास्त, धावेल कमी.

आता नवीन प्रश्न. पहाटे दिरांचा मेसेज आलाय, बिलच्या बदल्यात एक अनुभवी रिसीव्हर (पास झेलणारा) देतो म्हणून. दुसऱ्या मेसेजमध्ये "विचार करा, घाई नाही" असं लिहिलंय. सात वर्षांत त्यांनी कधी मला आपणहून काही देऊ केलेलं नाही. रेकॉर्डिंग पुन्हा बघितलं, थर्ड डाउनला बिल बऱ्याचदा बाहेर जाताना दिसला. ते माझ्या वहीत आहे, पण त्यांनाही दिसलं असेल का? मग तरी मागतायत कशाला?

@चौथा_डाव, @टोला, आज रात्री नऊच्या आत सांगाल का?