मदत हवी आहे: प्रभारी ग्रंथपालाचा चार्ज घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात मी सहाय्यक ग्रंथपाल आहे. ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. झालंय, सेट ही राज्याची पात्रता परीक्षा अजून निघाली नाही. आमचे ग्रंथपाल सर महिनाअखेर निवृत्त होताहेत. प्राचार्य परवा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "आता लायब्ररी तुम्हीच बघा." आदेश नाही, पगाराचा विषय नाही. पूर्ण पद मिळणार नाही हे कळतं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तरला ५५ टक्के आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागतेच. पण हा अनुभव पुढे धरला जाईल का, की नुसतीच हमाली?

कामाची भीती नाही. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवरच्या नोंदी मीच करते, नॅकच्या मूल्यांकनासाठीचे आकडेही माझ्याकडूनच जातात. अडतंय माणसांपाशी. आमचे परिचर मामा माझ्या वडिलांच्या वयाचे. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आडवं पडलंय ते संगणकाआधी सांगतात. पण प्राध्यापकांना नोंद न करताच पुस्तकं देतात. टोकलं की, "मॅडम, सर काय पळून चाललेत का?" आजवर त्यांच्या हातचा चहा प्यायले, आता त्यांना नियम कसा सांगू? एका विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये तर आमचं अख्खं कपाट आहे. ग्रंथपाल सरांनी कधी मागितलं नाही, ते मी मागायचं?

त्यात पुस्तकं मोजून शेवटची पडताळणी कधी झाली याचा कागदच सापडत नाही. पुस्तकं २२ हजारांवर आहेत.

अनुभवी लोकांनी सांगा. "आत्मविश्वास ठेवा" सोडून काहीही चालेल.

जुना ग्रंथपाल: सगळ्यात आधी पडताळणी. चार्ज घेताना सही केलीत की हरवलेली पुस्तकंही तुमची. सर जायच्या आत दाखल रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही) काढा, निदान महागडे संदर्भग्रंथ आणि प्राध्यापकांकडची पुस्तकं तपासा. चार्ज यादीवर दोघांच्या सह्या, राहिलेल्यांपुढे "पडताळणी बाकी" असा शेरा. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत (नियम २१५) २० ते ५० हजार ग्रंथ असतील तर ३ वर्षांतून एकदा तरी पडताळणी सांगितली आहे. वर्षभरात वापरलेल्या दर हजार ग्रंथांमागे ५ गहाळ झाले तर चालतात, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. खासगी महाविद्यालयाला हे बंधनकारक नाही, पण प्राचार्यांसमोर ठेवायला आधार होतो.

पेठकर: मामांना नियम सांगत बसू नका, पडताळणीत बरोबर घ्या. किती पुस्तकं बाहेर आहेत ते त्यांनाच दिसू दे. विभागप्रमुखांना एकट्याला पत्र द्याल तर जन्माचं वैर. प्राचार्यांच्या सहीने सगळ्या विभागांना एकाच दिवशी यादी पाठवा. आणि सेटचा फॉर्म भराच, परीक्षा आपलंच विद्यापीठ घेतं.

धागाकर्ती: मामांचं सुचलंच नव्हतं, आभार. लेखी आदेशाचा अर्ज कुणाच्या नावे करू, प्राचार्य की संस्थेचे सचिव?

जुना ग्रंथपाल: नेमणूक संस्था करत असेल तर सचिवांच्या नावे, प्राचार्यांमार्फत. आदेशात "प्रभारी ग्रंथपाल" आणि रुजू तारीख हवीच, अनुभवाचा दाखला त्यावरूनच निघतो. आवक नोंद झालेली प्रत घरी ठेवा.