मदत हवी आहे : जिनिंगमधील कामगारांना एकाहून अधिक कामे कशी शिकवावीत?

नमस्कार. धरणगाव परिसरातील एका जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या) कारखान्यात मी पाळीप्रमुख आहे. दसरा-दिवाळीला सुरू झालेला हंगाम कापसाची आवक घटल्याने अडखळत चालला आहे. यंत्रे बंद असतील त्या दिवशी रोजंदारीच्या माणसांना घरी पाठवणे मला पटत नाही.

जिनवर रुई आणि सरकी वेगळी करणारा कामगार प्रेसवर सुमारे १७० किलोची गाठ बांधायला किंवा फिटरच्या हाताखाली जिनच्या रोलरला खाचा पाडायला शिकला, तर मंदीतही त्याच्या हाताला काम राहील, असे मला मनापासून वाटते. परंतु जुने फिटर आपली विद्या सहजासहजी देत नाहीत (आपली जागा जाईल ही त्यांची धास्ती अनाठायी नाही), आणि प्रेसचे काम जोखमीचे असल्याने ते घाईने शिकवता येत नाही. मालक ऐकून घेतात, पण शिकण्याच्या दिवसांची मजुरी कोणी सोसायची, येथे गाडी अडते.

जळगाव-धुळ्याकडील जिनिंग किंवा डाळ मिलमध्ये ज्यांनी कामांची अशी अदलाबदल केली असेल, त्यांनी सुरुवात कोणत्या कामापासून केली, जुन्या कारागिरांना कसे राजी केले आणि मजुरीवर काय तोडगा काढला, हे कृपया सविस्तर लिहावे.