मदत हवी आहे: वर्ण आणि जात यांचं नक्की नातं काय?

मंडळी, जरा डोकं चालवा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात वर्ण फक्त 4, पण प्रत्यक्षात जाती हजारो, मग या 4 खणांत त्या बसवल्या कोणी आणि कशा? ब्राह्मण सोडले तर बाकीच्यांचा वर्ण कुठला यावर भांडणंच दिसतात, अगदी शिवरायांच्या 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळीसुद्धा हाच वाद होता ना.

'जात म्हणजे फक्त कामाची वाटणी' हे मला अजिबात पटत नाही. बाबासाहेबांनी 1916 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत मांडलं की जातीच्या मुळाशी जातीतच लग्न करायची सक्ती आहे, ते जास्त पटतं. पण मग गावगाड्यातली बलुतेदारी यात कुठे बसते? सुतार, लोहार, न्हावी यांना सुगीला धान्याचा वाटा, महारांना वतन आणि त्यासोबत वेठबिगार, हे सगळं लग्नाच्या नियमातून आलं की जमिनीच्या मालकीतून?

कोणी समाजशास्त्रवाले असतील तर मराठीत सोप्पं काहीतरी सुचवा प्लीज. आणि फोर्टच्या सिद्धार्थ कॉलेजच्या किंवा कलिन्याच्या युनिव्हर्सिटी लायब्ररीत बाहेरच्यांना बसू देतात का? मी दादरला राहतो, शनिवारी जाऊ शकतो. (व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड नकोत हां.)