शाळेत टीव्ही आला, पण सहकारी हात लावेनात. काय करावं?

खडूवाला
नमस्कार मंडळी. झेडपीची शाळा, पहिली ते सातवी. लोकसहभागातून मोठा अँड्रॉइड टीव्ही मिळाला, गावातल्या तरुण मंडळानं वर्गणी काढली, नारळ फुटला, फोटो झाले. आता त्याच्यावर फुलाफुलांचं कव्हर आहे आणि माझ्या सातवीचा तास सोडला तर ते निघत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, तुम्हाला येतं ना, मग बाकीच्यांना तुम्हीच तयार करा. म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्यांना बसवून दीक्षा (सरकारचं अभ्यासाचं अ‍ॅप), यूट्यूब, गूगल फॉर्म, क्विझ कशी बनवायची वगैरे सगळं दाखवलं. सगळे छान छान म्हणाले, चहा झाला, सोमवारपासून परत जैसे थे. बरं माणसं कामचुकार अजिबात नाहीत, दुसरीच्या बाईंचा वर्ग बघाल तर थक्क व्हाल. मग अडतंय कुठं? कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

पाटीपेन्सिल
सर, मी तुमच्या त्या बाईंच्याच वयाची आहे म्हणून स्पष्ट बोलते, राग मानू नका. एका दुपारी चार-पाच गोष्टी दाखवल्या की आमच्या डोक्यात एकही राहत नाही, आणि पोरांच्या वयाच्या सहकाऱ्याला परत परत विचारायची लाज वाटते हो. आणि खरी भीती अ‍ॅपची नसतेच. चाळीस मुलं समोर बसलीत, स्क्रीनवर 'नो सिग्नल' आलंय, मागची पोरं खुसुखुसु हसतायत आणि आपल्याला कुठलं बटण दाबायचं ते माहीत नाही, ही भीती असते. त्या पाच मिनिटांत वर्ग हातातून जातो, मग कोण परत त्या वाटेला जाईल?
माझं गाडं कसं सुरू झालं सांगते. आमच्याकडच्या एका मॅडम माझ्या परिसर अभ्यासाच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसल्या. शिकवलं मीच, त्या फक्त अडलं की उठायच्या. आणि तेही स्वतः बटण दाबायच्या नाहीत, मला दाबायला लावायच्या. नंतर मी माझ्याच भाषेत एक चिठ्ठी लिहून टीव्हीच्या बाजूला सेलोटेपनं चिकटवली: आधी भिंतीवरचं बटण, मग रिमोटचं लाल, मग सोर्स, मग खाली खाली जाऊन एचडीएमआय दोन. अजून आहे ती चिठ्ठी, आता नवीन आलेले शिक्षकपण तीच बघतात.

वायरमन_गुरुजी
+१ बाई. माझं त्यात तांत्रिक शेपूट. नेटच्या भरवशावर तास लावूच नका, रेंज गेली की तास गेला. दीक्षावरचं बरंचसं घरून डाउनलोड करून आणता येतं, व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाका आणि इयत्तेप्रमाणे फोल्डर करा, नावं मराठीत. गणित विज्ञानाला फेट (PhET) ही साइट बघा, कोलोरॅडो विद्यापीठाची आहे, फुकट, बरीच सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर स्वतः करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत. एचटीएमएल फाइल उतरवून घेतली की नेटशिवाय लॅपटॉपच्या क्रोममध्ये चालते, लॅपटॉप केबलनं टीव्हीला जोडायचा, झालं. त्यात पोरांना विजेचं सर्किट स्वतः जोडू द्या, तार सुटली की बल्ब विझतो ते दिसतं, मग माझी बडबड लागत नाही.
आणि लाइटचं बघा राव. बिल थकून मीटर कापला गेलेल्या शाळा मी बघितल्यात, तिथं टीव्ही म्हणजे नुसतं भिंतीवरचं काळं तावदान. ३० पटाच्या आतल्या शाळेला संयुक्त अनुदान, म्हणजे किरकोळ खर्चाला मिळणारे सरकारी पैसे, वर्षाला १०,००० च्या आसपास, त्यात खडू, डागडुजी आणि बिल. टीव्हीला वर्गणी देणाऱ्या मंडळाला एक इन्व्हर्टरपण मागा.

खवचट_काका
मी उलटं विचारतो. दुसरीच्या बाई टीव्हीशिवाय उत्तम शिकवतात, मग कव्हर न निघाल्यानं नेमकं काय बिघडलं? टीव्ही वापरायचा म्हणून वापरायचा का? शिक्षकांना आधीच ऑनलाइन माहित्या भरण्यातून सवड नाही, त्यात हे एक. मदतच करायची तर त्यांची एखादी माहिती तुम्ही भरून द्या, तो वेळ मोकळा होईल. आणि विचारताना 'टीव्ही का वापरत नाही' असं विचारू नका, 'कुठला धडा मुलांच्या गळी उतरत नाही' असं विचारा. परितेवाडीच्या डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला तेव्हा सगळ्यांना त्यातलं तंत्रज्ञान दिसलं, मला त्यातली साधी गोष्ट आवडली, की क्यूआर कोड पाठ्यपुस्तकावरच होता. रोजचं पुस्तक, रोजचा धडा, त्याला चिकटून एक जास्तीची गोष्ट. शिक्षकाला आपली वाट सोडावी लागली नाही.

केंद्रातला_एक
काकांचं पटलं. मी केंद्रप्रमुख आहे, आसपासच्या काही शाळा माझ्याकडं असतात, त्यामुळे माझ्याकडूनही दोन शब्द. वापराचे फोटो ग्रुपवर मागू नका, मुख्याध्यापकांनाही सांगा. फोटो मागितले की टीव्ही फोटोपुरताच चालू होतो, मुलं हात वर करून बसलेली, स्क्रीनवर भलतंच काहीतरी. हे मी इतक्या शाळांत बघितलंय की आता फोटो उघडतच नाही. दुसरं म्हणजे शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, भाषण ठेवण्याऐवजी आम्ही एका शिक्षकाला खरा तास घ्यायला लावतो, त्याच शाळेच्या मुलांसमोर. मध्येच केबल हलते, आवाज जातो, तो सावरतो. बघणाऱ्याला धीर त्या सावरण्यातूनच येतो, नुसत्या पीपीटीतून नाही. आणि तास घेणारा शक्यतो तुमच्यासारखा सराईत नको, नुकताच शिकलेला हवा.

खडूवाला
आभारी आहे सगळ्यांचा. काकांचा प्रश्न आज मधल्या सुट्टीत जसाच्या तसा विचारला. पाचवीचे सर लगेच म्हणाले सममूल्य अपूर्णांक, दोन छेद तीन आणि चार छेद सहा सारखेच हे काही केल्या पटत नाही पोरांना. दुसरीच्या बाई म्हणाल्या घड्याळ, 'पावणे' आलं की गाडी अडते. सरांच्या तासाला मागं बसतो म्हणालोय, ते बसा म्हणाले (जरा नाइलाजानंच). गुरुजी, या दोन्हीचं नेटशिवाय चालेल असं काही आहे का तुमच्याकडं?

वायरमन_गुरुजी
अपूर्णांकाचं फेटवर आहे, तुकडे ओढून शेजारी ठेवता येतात, ते सरांच्या हातानंच चालवून घ्या आधी. घड्याळाला टीव्ही कशाला हो? पुठ्ठ्याचं करा आणि काटे मुलांच्या हातात द्या. बाईंनी बहुतेक केलेलंच असेल, विचारा त्यांना.