विषय : ‘मराठा’ शब्दाची व्युत्पत्ती (स्मरणिकेतला परिच्छेद)

नमस्कार मंडळी,
स्मरणिकेच्या लेखात ‘मराठा म्हणजे महारथी, हजारोंशी एकटा लढणारा’ असं वाक्य आहे. शिवाय महारथी हे मराठा जातीचे मूळ पुरुष, असंही म्हटलंय. शुक्रवारी मजकूर छापायला जाईल. ठेवायचं का? जाणकारांनी कृपया कळवावं.
स्मरणिका समिती

----

नमस्कार,
पहिलं वाक्य काढाच. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरच्या सिंहस्तंभावर दात्याला ‘महारठि’ म्हटलंय आणि त्याचं दान आहे ‘सिहथभो’, म्हणजे सिंहस्तंभ. हा लेख ब्राह्मी लिपीत आहे; तिच्यात ठ म्हणजे रिकामं वर्तुळ आणि थ म्हणजे मध्ये टिंब असलेलं वर्तुळ. एकाच लेखात दोन्ही अक्षरं आहेत, तेव्हा कोरणाऱ्याला ‘महारथि’ लिहायचं असतं तर थ त्याच्या हातात होता. टिंब झिजलं असेल म्हणावं, तर नाणेघाटातल्या आणि भाजे लेण्यांतल्या लेखांतही ठच आहे. बेडसे लेण्यातल्या लेखात तर ‘महारठिनी’ सामडिनिका ही स्त्री आहे. म्हणजे ‘महारठि’ हा घराण्याकडे असलेला मानाचा किताब होता, रथाशी त्याचा संबंध नाही.

ठ येतो तो ‘राष्ट्र’मधून. मुष्टि, मुट्ठि, मूठ. तसंच राष्ट्रचं रट्ठ. महाराष्ट्रचं महारट्ठ झालं, मग ह आणि र यांनी जागा बदलल्या : मरहट्ठ. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात या अदलाबदलीसाठी खास सूत्र आहे. पुढे जोडाक्षर सुटलं, आधीचा स्वर लांबला, हत्थचा हात झाला तसा : मऱ्हाठा, मराठा.

----

नमस्कार,
वरच्या उत्तराला जोडून. दुसरं वाक्यही टिकत नाही, कारण नाव आधी मुलखाचं आहे. ऐहोळच्या ६३४ च्या शिलालेखात चालुक्य राजा पुलकेशी तीन ‘महाराष्ट्रकां’चा आणि त्यांतल्या ९९,००० गावांचा अधिपती आहे. ७७९ च्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात बाजारातले मरहट्ठे ‘दिण्णले गहिल्ले’ (दिले, घेतले) असं बोलतात; ते व्यापारी आहेत! ज्ञानेश्वरीत ‘मऱ्हाटा’ ही बोली. जातीचा अर्थ घट्ट झाला तो फार पुढे, बहामनी आणि नंतरच्या शाह्यांत देशमुखी, शिलेदारी करणाऱ्या घराण्यांमुळे. आणि तरीही १७६१ मध्ये पानिपतावर लढलेले ‘मराठे’ सगळ्या जातींचे होते.

स्मरणिकेच्या लेखात हे अर्थ एकमेकांत मिसळलेत. प्रत्येक ठिकाणी शतक घाला आणि मुलूख, बोली की जात ते स्पष्ट लिहा. मुद्रितं तपासताना ‘महारठी’वर नजर ठेवा, चूक समजून कुणीतरी ठ चा थ करतंच.