डहाणूत जमलं ते इतरत्र का नाही?

काही जण म्हणतात की कोळशाच्या वीज केंद्रांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी एफजीडी यंत्रणा आपल्या वीज कंपन्यांना परवडणारच नाही. मग डहाणूत ती कशी बसली? मुंबईच्या उपनगरांसाठी कोळशावर वीज बनवणारं ५०० मेगावॉटचं केंद्र तिथे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुक्याच्या पर्यावरण रक्षणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. चिकूच्या बागा वाचवायला स्थानिक लोक वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठे २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. तिथे धूर चक्क समुद्राच्या पाण्याने धुतात. त्या पाण्यातले क्षार सल्फर डायऑक्साइड शोषून घेतात, मग पाण्यात हवा खेळवून ते परत सोडतात. एरवी हा वायू शोषायला वापरतात ती चुनखडी लागतच नाही.

हे किनाऱ्यावरच शक्य आहे, मान्य. कोराडी, चंद्रपूरला चुनखडी वापरावी लागणार आणि खर्चही होणार. तरीही जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट दिली, ते मला अजिबात पटलेलं नाही. या वायूचे हवेत बारीक कण बनतात आणि ते शेकडो किलोमीटर वाहत जातात. डहाणूसारखं प्राधिकरण चंद्रपूरला का नाही, हे आपण आमदार-खासदारांना विचारायला हवं.