शब्दचर्चा : पॉइंट-टू-पॉइंट लिंक, इथरनेट लिंक आणि 'थेट जोडणी'

प्रश्न

नेटवर्किंगच्या मराठी टिपणांवर काम चालू आहे. 'पॉइंट-टू-पॉइंट लिंक'साठी 'बिंदू-ते-बिंदू दुवा', 'थेट जोडणी' आणि 'द्विबिंदू जोडणी' असे पर्याय समोर आहेत. 'इथरनेट लिंक' तशीच ठेवली आहे. पण दोन राउटर (एका नेटवर्कातून दुसऱ्यात पॅकेट पाठवणारी यंत्रं), मध्ये काहीही न ठेवता, एकाच इथरनेट केबलने जोडले, तर त्या जोडणीला काय म्हणायचं? पुस्तकांत हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध वापरलेले दिसतात, आणि इथे तर एकाच केबलला दोन्ही लागू पडताहेत.

प्रतिसाद

'थेट' आधी बाद करा. तो शब्द राउटिंग टेबलात (कुठल्या पत्त्याकडे कुठून जायचं याच्या राउटरच्या यादीत) अडकलेला आहे. राउटरच्या स्वतःच्या इंटरफेसवरचं नेटवर्क ते 'थेट जोडलेलं', मग त्या इंटरफेसवर दोन यंत्रं असोत की दोनशे. 'बिंदू-ते-बिंदू' वाचलं की मला अंतर मोजल्यासारखं वाटतं. दुमजली, दुपदरी या चालीवर 'दुटोकी' का नको? टोकं दोनच, तिसरं असूच शकत नाही, हा मुद्दा त्यात येतो.

प्रतिसाद

दुटोकी आवडला. पण मूळ प्रश्न केबलचा नाहीच. फरक आहे तो राउटर त्या जोडणीकडे काय समजून बघतो याचा.

सिरियल लाइनवर पीपीपी किंवा एचडीएलसी (अशा लाइनवर पॅकेट गुंडाळून पाठवायच्या पद्धती) चालतं, तेव्हा पॅकेट या टोकाला आत ढकललं की ते त्या टोकालाच निघणार. 'कोणाला?' हा प्रश्नच उद्भवत नाही. पीपीपीच्या फ्रेममध्ये (पॅकेटभोवतीच्या वेष्टनात) पत्त्याची जागा असते, पण त्यातले आठही बिट नेहमी १. म्हणजे नावापुरता पत्ता. इथरनेटच्या फ्रेमला मात्र ४८ बिटांचे दोन मॅक पत्ते (इंटरफेसचे हार्डवेअर पत्ते) लागतातच, एक घेणाऱ्याचा, एक पाठवणाऱ्याचा. घेणाऱ्याचा पत्ता ठाऊक नसेल तर एआरपीने (आयपीवरून मॅक पत्ता शोधायच्या पद्धतीने) विचारावं लागतं, 'हा आयपी कोणाचा?'. भरल्या सभेत नाव पुकारावं तसं. समोर एकच राउटर बसलेला असला तरी इथरनेट पुकारा करतंच, कारण सभेत किती जण आहेत हे त्याला माहीत नसतं.

ही सवय जन्मापासूनची. १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली तीच एका सामायिक केबलवर अनेक यंत्रं बोलतील अशी. सगळीकडे भरून राहिलेलं माध्यम म्हणून नाव भौतिकशास्त्रातल्या 'ईथर'वरून. आज ती सामायिक केबल गेली, फुल डुप्लेक्समध्ये (दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात तेव्हा) टकरीही होत नाहीत, पण फ्रेम तीच आहे.

याचा फटका कुठे बसतो ते स्टॅटिक रूट (हाताने नोंदवलेला मार्ग) लिहिताना कळतं. दुटोकी सिरियल लिंकवर नुसतं बाहेर पडायच्या इंटरफेसचं नाव दिलं तरी भागतं. तेच इथरनेटवर केलं आणि पुढच्या राउटरचा आयपी दिला नाही, तर राउटर प्रत्येक अंतिम पत्त्यासाठी एआरपी विचारत सुटतो. पलीकडच्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्यांच्या पत्त्यांसाठीही आपलाच मॅक सांगणं) चालू असेल तर गाडी कशीबशी चालते आणि एआरपी टेबल फुगत जातं. बंद असेल तर काहीच चालत नाही. डीफॉल्ट रूट (वेगळी नोंद नसलेल्या सगळ्या पत्त्यांसाठीचा मार्ग) असा लिहिलेला असेल तर विचारूच नका.

उपप्रतिसाद

म्हणजे केबल दुटोकी, वागणूक बहुजनी! आमच्याकडे कोणी दुटोकी-बिटोकी म्हणत नाही हो. सरळ 'सिरियल' म्हणतात, नाहीतर 'पी-टू-पी'.

उपप्रतिसाद

दोन्ही घोटाळ्याचे. सिरियल हा इंटरफेसचा प्रकार. त्याच सिरियलवर फ्रेम रिले चालवलं की एका पोर्टातून अनेक ठिकाणी जाता येतं, मग दुटोकीपण कुठे उरलं? आणि 'पी-टू-पी' म्हटलं की निम्म्या लोकांना फाइल वाटपाचं पीअर-टू-पीअर आठवतं.

प्रतिसाद

ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना लिंकची माहिती देऊन मार्ग काढायची पद्धत) शिकवताना हा फरक सर्वांत नीट दिसतो. इथरनेट इंटरफेसला तो आपणहून 'ब्रॉडकास्ट' (एकाचं सगळ्यांना ऐकू जाणारं नेटवर्क) समजतो. दोनच राउटर असले तरी एक डीआर (प्रमुख राउटर), दुसरा बीडीआर (त्याचा राखीव) अशी निवड होते, आणि निवडीआधी ४० सेकंदांपर्यंत वाट बघितली जाते. शिवाय त्या दोघांमधल्या नेटवर्कसाठी वेगळा टाइप-२ एलएसए (नेटवर्कची माहिती सांगणारा संदेश) तयार होतो. दोघांच्या संसारात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष! इंटरफेसवर नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट असा बदलला की निवड गेली, वाट बघणं गेलं, टाइप-२ एलएसएही गेला. केबल तीच, पोर्ट तेच.

हा बदल एकाच बाजूला केला तर जे होतं ते बघण्यासारखं आहे. हॅलो ('मी आहे' असं कळवणं) दर १० सेकंदांनी आणि डेड (शेजारी गेला असं धरायची मुदत) ४० सेकंद, हे दोन्ही प्रकारांत सारखेच, त्यामुळे शेजारी 'फुल' दिसतो आणि सगळं आलबेल वाटतं. रूट मात्र टेबलात येत नाहीत, कारण एक जण त्या लिंकचं चित्र मध्ये नेटवर्क ठेवून काढतो आणि दुसरा नुसती रेघ मारतो. चित्रं जुळत नाहीत. तेव्हा मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं : 'इथरनेट' हे माध्यमाचं नाव, 'दुटोकी' हे भूमिकेचं. 'दुटोकी म्हणून चालवलेली इथरनेट लिंक' हे मराठीत बिनदिक्कत लिहा.

उपप्रतिसाद

एक पुरवणी. मध्ये स्विच असेल तर 'दुटोकी म्हणून चालवलेली' लिंकही फसवते. पलीकडचा राउटर मेला तरी आपलं पोर्ट चालूच दिसतं, कारण ते स्विचशी बोलत असतं. मग डेड टायमर संपेपर्यंत पॅकेट खड्ड्यात. म्हणून बीएफडी (पलीकडचा राउटर जिवंत आहे का हे झटपट तपासणारी पद्धत) लावतात.

प्रतिसाद

पत्त्यांच्या बाबतीतही गंमत आहे. दुटोकी लिंकला वर्षानुवर्षं /३० देत आलो : पत्ते चार, वापरायचे दोन, उरलेल्यांत एक नेटवर्कचा आणि एक ब्रॉडकास्टचा. पण टोकं दोनच असताना ब्रॉडकास्ट कोणासाठी? आरएफसी ३०२१ ने २००० साली /३१ ला परवानगी दिली, दोन्ही पत्ते वापरात.

प्रश्नकर्ता

'दुटोकी' घेतो. मग मल्टी-ॲक्सेसला (एकाच माध्यमावर अनेक यंत्रं) 'बहुटोकी' चालेल?

उपप्रतिसाद

घाई नको. पॉइंट-टू-मल्टिपॉइंट म्हणून आणखी एक प्रकार आहे. तिथेही टोकं अनेक, पण मधला राउटर सगळ्यांना बघतो आणि बाकीचे एकमेकांना बघत नाहीत. बहुटोकी त्याच्यासाठी राखून ठेवा, मल्टी-ॲक्सेसला 'सामायिक' पुरे.